लिनिअर लावला आणि रिसीव्ह बसला: जुना अँप्लिफायर क्रमाने कसा तपासायचा

जुना एचएफ लिनिअर, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झवर हॅम रिगची (रेडिओ सेटची) ट्रान्समिट पॉवर वाढवणारा अँप्लिफायर, घरी येतो. ट्रान्समिटला पॉवर नीट मिळते, समोरचा स्टेशनवाला रिपोर्टही दणदणीत देतो. पण जो सिग्नल कालपर्यंत एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) ९ दाखवत होता, तो आज ५ वर आलेला असतो. बँडच पडलाय अशी समजूत करून घेतली जाते. मग कधीतरी लिनिअर बाजूला काढून अँटेना थेट रिगला लावली जाते आणि सगळी स्टेशनं परत बोलू लागतात.

गोव्यात हे होण्याला कारणं आहेत. खारी हवा आहे, चार महिने पाऊस आहे, आणि बहुतेक लिनिअर इथे दुसऱ्या-तिसऱ्या हाताने येतात: मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूहून, बसच्या डिकीत घाटाचे हादरे खात. हॅम परवान्याचा जनरल ग्रेड मिळाल्यावर पहिला लिनिअर घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी या वाटेने गेलो आहे आणि इतरांचे लिनिअर उघडतानाही हाच क्रम पाळतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: रिसीव्हच्या वाटेत ट्यूब (पॉवर वाढवणारी व्हॅक्यूम ट्यूब) येतच नाही. अँटेनाकडून आलेला सिग्नल मागच्या सॉकेटमधून रिलेच्या (विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या) विश्रांतीच्या काँटॅक्टवर जातो, तिथून वीतभर कोॲक्स केबलमधून दुसऱ्या काँटॅक्टवर, आणि तिथून रिगकडच्या सॉकेटवर. एवढीच वाट. पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर रिले ओढला जातो आणि मगच रिगची पॉवर ट्यूबकडे जाते, ट्यूबची अँटेनाकडे. म्हणजे ट्रान्समिटचे काँटॅक्ट वेगळे, रिसीव्हचे वेगळे. म्हणूनच ट्रान्समिट ठणठणीत आणि रिसीव्ह बसलेला, असं एकाच पेटीत होऊ शकतं. रिसीव्ह क्षीण झाला म्हणून ५७२बी किंवा ३-५००झेड ट्यूबची जोडी मागवणारे लोक मी पाहिले आहेत. तो खर्च पूर्ण वाया जातो. कोणी कितीही ठामपणे सांगितलं तरी या तक्रारीसाठी ट्यूब विकत घेऊ नका.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. एचएफवर एस-९ म्हणजे रिगच्या तोंडाशी ५० मायक्रोव्होल्ट. रिगची १०० वॅट पॉवर ५० ओहमवर म्हणजे साधारण ७० व्होल्ट. या दोहोंत चौदा लाख पटींचा फरक आहे. चांदीचा मुलामा असलेल्या काँटॅक्टवर काळा थर चढला की ७० व्होल्ट तो फोडून पार होतात, ५० मायक्रोव्होल्ट मात्र अलीकडेच अडतात. यातूनच या दोषाची सगळ्यात ओळखीची खूण येते. रिसीव्ह बसलेला असताना लिनिअर स्टँडबायवर (चालू, पण पॉवर न वाढवता सिग्नल सरळ पार जाऊ देणाऱ्या स्थितीत) ठेवून, मोकळी फ्रीक्वेन्सी बघून, रिगवरून क्षणभर कॅरिअर (आवाज नसलेला नुसता सिग्नल) सोडला की रिसीव्ह एकदम उघडतो आणि थोड्या वेळाने परत बसतो. ही खूण दिसली तर दोष काँटॅक्टमध्ये आहे असं धरून चालायला हरकत नाही.

जिवाची काळजी

पहिल्या पाच पायऱ्यांत झाकण उघडायचं नाही. बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते तेवढ्यातच कळतं. सहाव्या पायरीपासून जे आहे ते माणूस मारू शकतं.

हीथकिट एसबी-२२० हा १९७० च्या दशकातला लिनिअर आपल्याकडे अजून फिरतो. त्याचं उदाहरण घ्या. त्यात २०० मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, मिळून २५ मायक्रोफॅरड. त्यावर ३००० व्होल्ट चढले की ११० ज्यूलहून जास्त ऊर्जा साठते. प्लग काढल्यानंतरही ती तिथेच असते. प्रत्येक कपॅसिटरवर चार्ज उतरवणारा एक ब्लीडर रेझिस्टर असतो आणि सगळे शाबूत असतील तर अर्ध्या मिनिटात व्होल्टेज उतरतं. पण जुन्या पेटीत एखादा ब्लीडर तुटलेला असला, तर त्याच्या कपॅसिटरवर पावणेचारशे व्होल्ट तसेच राहतात. पॅनेलवरच्या हजारो व्होल्टच्या मीटरवर एवढ्याने काटा जेमतेम हलतो आणि बघणाऱ्याला सगळं उतरलं असं वाटतं.

ज्याने कधी उच्च व्होल्टेजच्या पेटीत हात घातलेला नाही, त्याने पाचव्या पायरीनंतर थांबून अनुभवी हॅमला बोलवावं. यात कमीपणा काही नाही. पावसाळ्यात फरशी ओलसर असताना तर अनुभवी माणसानेही उघडू नये.

काय काय जवळ हवं

कागदपत्रं आधी, कारण विकत घेतानाच ती मागून घेतली नाहीत तर नंतर मिळत नाहीत:

- तुमच्या परवान्याची प्रत आणि विकणाऱ्याच्या परवान्याची प्रत
- मॉडेल, सिरीअल नंबर आणि तारीख लिहिलेलं, दोघांच्या सहीचं विक्रीपत्र
- त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधलं सर्किट, कागदावर छापलेलं. मोबाइलच्या पडद्यावर रिलेचे पाय मोजताना चुका होतात.

परवान्यावरून आठवलं: जनरल ग्रेडला एचएफवर ४०० वॅटची मर्यादा आहे, रिस्ट्रिक्टेडला ५० वॅटची. पेटीवर हजार वॅट छापलेलं असलं तरी ड्राइव्ह (रिगकडून लिनिअरला जाणारी पॉवर) त्या हिशोबानेच ठेवायचा.

हत्यारं फारशी लागत नाहीत. दोन पीएल-२५९ (केबलच्या टोकाचे प्लग) एकमेकांना जोडणारा बॅरल, खात्रीचे दोन छोटे जंपर, मल्टिमीटर, स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा चांगला काँटॅक्ट क्लीनर, कोऱ्या जाड कागदाच्या पट्ट्या आणि एक लाकडी बांबूकाडी. नॅनोव्हीएनए (वाटेतला तोटा मोजणारं छोटं यंत्र) असेल तर काम निम्म्याने सोपं होतं. स्वतःचा नसला तर ओळखीच्या हॅमकडून दोन दिवसांसाठी आणा. आणि एक डिस्चार्ज काठी. तिचं वर्णन सहाव्या पायरीत आहे.

१. आधी रिगवरचा संशय दूर करा

अॅटेन्युएटर चालू राहिलाय का, प्रीअँप बंद आहे का, आरएफ गेन खाली आहे का, अँटेना १ ऐवजी २ निवडली गेलीय का, रिसीव्हची वेगळी अँटेना मेनूत चालू आहे का, हे बघून घ्या. लिनिअर जोडताना रिग सरकवली जाते आणि बटणांना हात लागतो.

मे महिन्यातल्या किंवा परतीच्या पावसातल्या गडगडाटानंतर रिसीव्ह बसला असेल, तर विजेच्या झटक्याने रिगचं पुढचं सर्किटही गेलेलं असू शकतं. ते पुढच्या पायरीत कळतं.

२. लिनिअर वाटेतून काढा, केबल मात्र तीच ठेवा

इथे सगळ्यांत जास्त गफलत होते. लोक अँटेनाची केबल लिनिअरमधून काढून थेट रिगला लावतात, रिसीव्ह सुधारतो, आणि दोष लिनिअरचा ठरतो. पण तसं करताना रिग आणि लिनिअरमधला जंपरही वाटेतून गेलेला असतो. कदाचित तोच खराब असेल.

म्हणून लिनिअरच्या मागून दोन्ही केबल काढा आणि बॅरलने एकमेकींना जोडा. आता वाटेत सगळं तेच आहे, फक्त लिनिअर नाही. रिसीव्ह सुधारला तर दोष लिनिअरमध्ये किंवा त्याच्या सॉकेटमध्ये. सुधारला नाही तर जंपर बदलून बघा. तरीही फरक नसेल तर दोष रिग किंवा अँटेनाकडे आहे आणि लिनिअर निर्दोष सुटला.

तुलना करताना सिग्नल स्थिर हवा. एचएफवर फेडिंगमुळे दहा-वीस डीबी (डेसिबल; दर १० डीबीला पॉवर दहापट) असेच वरखाली होतात आणि केबल बदलेपर्यंत बँडही बदलतो. याला माझा आवडता उपाय म्हणजे १४.१०० मेगाहर्ट्झवरचे आंतरराष्ट्रीय बीकन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सिग्नल सोडणारी स्टेशनं. जगभरातल्या १८ ठिकाणांहून ते पाळीपाळीने लागतात, प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी. श्रीलंकेचा ४एस७बी आपल्याला त्यातला सगळ्यात जवळचा. प्रत्येक बीकन आपला कॉलसाइन आणि पहिला लांब डॅश १०० वॅटवर देतो, मग १० वॅट, मग १ वॅट, मग ०.१ वॅट. प्रत्येक पायरी १० डीबीची. बॅरलवर तुम्हाला १ वॅटचा डॅश ऐकू येत असेल आणि लिनिअरमधून फक्त १०० वॅटचा, तर वाटेत वीसेक डीबी गळताहेत. दोन-तीन फेऱ्या ऐका, म्हणजे फेडिंगचा गोंधळ राहत नाही. एस-मीटरवर विसंबून राहण्यापेक्षा हे मला कितीतरी भरवशाचं वाटतं. एका एस-युनिटला ६ डीबी हे प्रमाण कागदावर आहे, पण बऱ्याच रिगचे मीटर खालच्या भागात ते पाळत नाहीत.

बीकन ऐकू येत नसतील तर जवळच्या हॅमला सांगा. फोंड्यातून मडगावला किंवा म्हापशातून पणजीला थोड्या वॅटचा कॅरिअर दिला तर तो बराच स्थिर मिळतो.

३. बंद, स्टँडबाय, ऑपरेट: तिन्ही स्थितींत ऐका

लिनिअर परत जोडा आणि तोच सिग्नल तीन वेळा ऐका: लिनिअर पूर्ण बंद असताना, चालू करून स्टँडबायवर, आणि ऑपरेटवर टाकून, पीटीटी न दाबता. कान रिलेच्या आवाजाकडेही असू द्या.

तिन्ही स्थितींत रिसीव्ह सारखाच क्षीण असेल तर दोष काँटॅक्ट, सॉकेट किंवा आतल्या वायरीत आहे. बहुतेकांचं इथेच येऊन थांबतं. ते चौथ्या पायरीवर जाऊ शकतात.

बंद असताना ठीक पण ऑपरेटवर टाकल्याबरोबर टक् आवाज होऊन रिसीव्ह पूर्ण गेला, तर रिले विनाकारण ओढला जातोय. की लाइनचा (रिग जिच्यातून लिनिअरचा रिले ओढते त्या केबलचा) प्लग लिनिअरच्या मागून काढा. रिले सुटला तर ती केबल शॉर्ट आहे किंवा रिगचं आउटपुट आत चिकटलंय. मागच्या बाजूला एएलसी (रिगची पॉवर आपोआप आवरणारी लाइन) आणि रिले अशी दोन एकसारखी फोनो सॉकेटं शेजारी असतात. प्लग चुकीच्या सॉकेटात गेलेला नाही ना, तेही पाहा.

तिसरा प्रकार फसवा आहे. ऑपरेटवर टाकल्यावर सिग्नल तेवढाच राहतो, पण मागचा खरखराट वाढतो आणि बारीक स्टेशनं त्यात बुडतात. ऐकणाऱ्याला वाटतं रिसीव्ह कमी झाला. प्रत्यक्षात रिसीव्हच्या वेळी ट्यूबचा करंट पूर्ण बंद होत नाही आणि तिचा नॉइज रिलेपाशी गळून रिगमध्ये येतो. रिसीव्हच्या वेळी प्लेट करंटचा मीटर शून्यावर आहे का, ते बघा. नसेल तर दोष बायसच्या (ट्यूबचा करंट ठरवणाऱ्या) सर्किटमध्ये आहे. तो वेगळा आजार आहे आणि या लेखातल्या काँटॅक्ट साफ करण्याने तो बरा होणार नाही.

रिलेऐवजी पिन डायोड (इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेले लिनिअर कमी दिसतात. त्यांच्या रिसीव्हच्या वाटेला बायसचं व्होल्टेज लागतं. ते गेलं की वाट बंद. तसा लिनिअर असेल तर सर्किट हातात घेऊन आधी ते व्होल्टेज शोधा.

४. प्रत्येक बँडवर किती गळतं ते लिहा

ही पायरी लोक गाळतात. मला मात्र सगळ्यात जास्त माहिती इथूनच मिळते. ४०, २० आणि १० मीटरवर बॅरल विरुद्ध लिनिअर अशी तुलना करा आणि वहीत आकडे लिहा. नॅनोव्हीएनए असेल तर लिनिअरचा मेन प्लग भिंतीतून काढून, एक पोर्ट इनपुटला आणि दुसरं आउटपुटला लावून, १ ते ३० मेगाहर्ट्झचा तोटा एका नजरेत दिसतो. आधी दोन्ही जंपर बॅरलने जोडून कॅलिब्रेशन करून घ्या. चालू लिनिअरला नॅनोव्हीएनए कधीही लावायचा नाही.

आकडे असे वाचायचे:

चांगल्या पेटीत तोटा ३० मेगाहर्ट्झपर्यंत ०.३ डीबीच्या आतच असतो.

सगळ्या बँडवर साधारण सारखाच तोटा असेल तर वाटेत कुठेतरी रोध आला आहे, म्हणजे मळलेला काँटॅक्ट किंवा सोल्डरचा कच्चा जोड. ५० ओहमच्या वाटेत ५ ओहम आले तर जेमतेम अर्धा डीबी जातो आणि कानाला कळतही नाही. ६ डीबी, म्हणजे एक एस-युनिट जायला १०० ओहम यावे लागतात. तेव्हा मल्टिमीटरवर एक-दोन ओहम दिसले म्हणून रिसीव्ह बसण्याचं कारण सापडलं असं समजू नका.

खालच्या बँडवर तोटा प्रचंड आणि वरच्या बँडवर त्याहून कमी असेल, तर काँटॅक्ट टेकतच नाही. मधल्या फटीची क्षमता, एखादा पिकोफॅरड, तेवढ्यातूनच सिग्नल झिरपतोय. १ पिकोफॅरडचा हिशोब केला तर ७ मेगाहर्ट्झवर सुमारे ४७ डीबी आणि २८ वर सुमारे ३५ डीबी तोटा येतो. असा नमुना दिसला की साफसफाईने भागेल असं धरू नका; रिलेची पट्टी वाकली असेल, स्प्रिंग सैलावली असेल किंवा वायर तुटली असेल. घाटातून आलेल्या पेटीत हेच शोधा.

उलट १० मीटरवर तोटा जास्त आणि ४० वर कमी, असं असेल तर कोॲक्सची जाळी तुटलेली किंवा बॉडीचा जोड सुटलेला असण्याची शक्यता जास्त.

५. सॉकेट आणि प्लग

टॉर्च घेऊन एसओ-२३९ च्या (पीएल-२५९ बसतो त्या सॉकेटच्या) मधल्या भोकात बघा. चार फाकांमध्ये हिरवट-पांढरी पूड दिसली तर ती खाऱ्या हवेची. किनाऱ्याजवळच्या घरात, जिथे केबल काढून सॉकेट उघडं ठेवलं जातं, तिथे ती एका पावसाळ्यात जमते. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी आत फिरवा, कापूस हिरवा यायचा थांबेपर्यंत. फाका पसरल्या असतील तर प्लग घातला तरी पिन नुसती टेकून राहते; सॉकेट बदलणं उत्तम.

प्लगच्या मधल्या पिनेत टोकापर्यंत सोल्डर पोचलंय का बघा. बाहेरची कॅप सैल असली तरी रिसीव्ह आत-बाहेर करतो. सॉकेटचे चार स्क्रू पेटीला घट्ट आहेत ना, तेही बोटाने तपासा. पत्रा आणि सॉकेट यांच्यामध्ये गंज आला की बॉडीचा जोड जातो.

६. आत हात घालण्याआधी व्होल्टेज उतरवा

मेन प्लग भिंतीतून काढा आणि तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही. सगळ्या केबल काढा. दहा मिनिटं थांबा. घरात कोणीतरी जागं माणूस असू द्या आणि आपण काय करतोय ते त्याला सांगून ठेवा. अंगठी, कडं, घड्याळ काढा.

डिस्चार्ज काठी म्हणजे हातभर लांब सुक्या पीव्हीसी पाइपच्या टोकाला पितळी हुक, हुकाला काही किलोओहमचा, २५ ते ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, आणि त्यातून पेटीच्या पत्र्याला क्लिपने लावायची जाड, चांगल्या इन्सुलेशनची वायर. आत हात न घालता झाकण काढा. क्लिप आधी पत्र्याला लावा, ओढून बघा, मग एक हात पाठीमागे ठेवून हुक ट्यूबच्या प्लेट कॅपला टेकवा आणि तिथेच धरून ठेवा. रेझिस्टरमुळे ठिणगी आणि दणका न होता चार्ज उतरतो. त्यानंतर प्लेटपासून पत्र्याला सरळ एक क्लिप-वायर लावा आणि काम संपेपर्यंत ती काढू नका.

आता ब्लीडर तुटल्याची गोष्ट आठवा. प्लेट पत्र्याला जोडली तरी साखळीतल्या एखाद्या कपॅसिटरवर चार्ज उरू शकतो, कारण त्याला उतरायला बाकीच्या ब्लीडरमधूनच हळूहळू वाट काढावी लागते. म्हणून कपॅसिटरांच्या फळीला हात लावण्याआधी मल्टिमीटर १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून प्रत्येक कपॅसिटर वेगवेगळा मोजा. एखाद्यावर व्होल्टेज दिसलं तर त्याचा ब्लीडर तुटलेला आहे, तो बदलल्याशिवाय लिनिअर परत चालवू नका. चालू पेटीत मात्र प्लेटचं व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजायचा विचारही नको.

काही मॉडेलांत झाकण काढताच हाय व्होल्टेज पत्र्याला शॉर्ट करणारी पट्टी असते. ती असली तरी काठी वापराच.

७. रिले ओळखा आणि तपासा

अँटेनाच्या सॉकेटपासून निघणारी वायर धरून सर्किटशी ताडत गेलात की रिले सापडतो. जुन्या पेट्यांत तो पारदर्शक डबीत किंवा उघडाच असतो. आधी डोळ्यांनी बघा. काँटॅक्ट काळे आहेत का? खड्डे पडलेत का? मध्ये मुंगी किंवा झुरळाचा पाय अडकलाय का? हे हसण्यावारी नेऊ नका, गोव्यातल्या घरात उबदार पेटीत किडे जातातच. पट्टी पूर्ण मागे येऊन टेकते का?

मग मल्टिमीटरने इनपुट सॉकेटच्या मधल्या पिनेपासून आउटपुटच्या मधल्या पिनेपर्यंत रोध मोजा. मीटरच्या टोकांचा रोध वजा करून तो शून्याच्या आसपास यायला हवा. इथे एक सापळा आहे. मल्टिमीटर स्वतःचं एक-दोन व्होल्ट लावून मोजतो आणि काळा थर तेवढ्यानेही फुटू शकतो. त्यामुळे मीटरवर ०.२ ओहम दिसले तरी काँटॅक्ट निर्दोष ठरत नाही. मीटर नापास म्हणाला तर त्याचं खरं माना, पास म्हणाला तर पूर्ण विश्वास ठेवू नका. काही पेट्यांत मधली पिन आणि बॉडी यांच्यात शॉर्ट दिसतो. तिथे सुरक्षेसाठी मुद्दाम लावलेला चोक असतो. सर्किटमध्ये बघून खात्री करा.

खरी परीक्षा नॅनोव्हीएनएवर होते, कारण त्याचा सिग्नल लहान असतो. तो लावून, प्लेटची शॉर्ट वायर तशीच ठेवून, बांबूकाडीने रिलेची पट्टी हलकेच दाबा आणि सोडा. दाबल्यावर तोटा १५ डीबीवरून ०.२ वर आला आणि सोडल्यावर परत गेला, तर दोषी सापडला. पट्टीने काहीच बदललं नाही तर काडीने आतली कोॲक्स आणि तिचे जोड एकेक करून हलवा.

८. काँटॅक्ट साफ करा, पण घासू नका

पॉलिश पेपर, कानस, ब्लेड यातलं काहीही नको. काँटॅक्टवर चांदीचा पातळ मुलामा असतो; तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तो आणखी वेगाने काळवंडतो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको, त्याचा चिकट थर राहतो आणि धूळ धरतो.

कोऱ्या जाड कागदाची बोटभर लांब, चार-पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापा. व्हिजिटिंग कार्डचा न छापलेला भाग चालतो, गुळगुळीत प्लॅस्टिक-कोटिंगचा नको. पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवा, काँटॅक्टच्या मध्ये सरकवा, काँटॅक्ट आपल्या स्प्रिंगच्या जोरानेच मिटू द्या आणि पट्टी सावकाश ओढा. कागदावर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ येते. नवी पट्टी घ्या, परत ओढा. रेघ यायची थांबली की शेवटी एक कोरडी पट्टी ओढा, म्हणजे कागदाचे तंतू मागे राहत नाहीत. रिलेला दोन किंवा तीन जोड्या असतात. रिसीव्हच्या दोन्ही जोड्या साफ करा, एकीवर थांबू नका. काँटॅक्टच्या पट्ट्या बोटांनी वाकवून दाब वाढवायचा मोह टाळा.

मग परत तोटा मोजा.

९. रिले बदलायचा असेल तर

बंद डबीचा रिले उघडून साफ करण्यात वेळ घालवू नका. खड्डे पडलेला, स्प्रिंग गेलेला किंवा साफ केल्यावर काही आठवड्यांत परत बसणारा रिलेही बदलायचाच. नवा घेताना कॉइलचं व्होल्टेज आणि ते एसी की डीसी, काँटॅक्टच्या जोड्या किती, काँटॅक्टची करंट क्षमता, आणि पायांची मांडणी, हे चारही जुळायला हवं. काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या आणि वायरींना कागदी टिकल्या लावा. नव्या वायरी जुन्यांपेक्षा लांब ठेवू नका, १० मीटरवर त्याचा फरक पडतो.

१०. काँटॅक्ट परत जळू नयेत म्हणून

उघड्या रिलेला हलायला १० ते २० मिलिसेकंद लागतात. त्याआधीच रिगने पॉवर सोडली तर काँटॅक्ट हवेत असताना ठिणगी पडते, आणि रोज थोडे थोडे करून ते जळतात. बऱ्याच रिगच्या मेनूत ट्रान्समिट डिले असतो. तो रिलेच्या वेळेपेक्षा जास्त, २० ते ३० मिलिसेकंद ठेवा.

की लाइनचं व्होल्टेजही आधी मोजा. एसबी-२२० च्या की लाइनवर शंभराहून जास्त व्होल्ट डीसी असतात. आयकॉम आयसी-७३०० च्या सेंड लाइनची मर्यादा १६ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर आहे. दोघांना थेट जोडलं तर नव्या रिगचं आउटपुट जाईल. मध्ये छोटा की-इंटरफेस घाला. काही भागांचं सर्किट आहे आणि घरी बनतं.

११. परत जोडणं

प्लेटची शॉर्ट वायर काढली का, पेटीत स्क्रू किंवा सोल्डरचा थेंब पडलाय का, हे झाकण लावण्याआधी बघा. परदेशातून आलेली पेटी असेल तर ट्रान्सफॉर्मरची जोडणी २४० व्होल्टवर आहे ना, तेही याच वेळी पाहून घ्या. झाकणाचे सगळे स्क्रू लावा. आधी बंद लिनिअरमधून रिसीव्ह ऐका, मग स्टँडबाय, मग ऑपरेट, आणि शेवटी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) कमी ड्राइव्हने ट्रान्समिट. पीटीटी सोडल्यावर रिसीव्ह दर वेळी तेवढाच परत येतो का, ते दहा-बारा वेळा करून पाहा.

चौथ्या पायरीत लिहिलेले आकडे आणि दुरुस्तीनंतरचे आकडे एका कागदावर, तारखेसह, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पावसाळ्यात लिनिअर बंद ठेवणार असाल तर सॉकेटांना टोप्या घाला आणि पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. गणेश चवथीनंतर पहिल्यांदा चालू करण्याआधी ती कोरड्या खोलीत एक-दोन दिवस पंख्याखाली राहू द्या, बॅरलची तुलना एकदा करून आकडे त्या कागदाशी ताडा, आणि ते जुळले की मगच हाय व्होल्टेज चढवा.